दोनशे निवर्तने जमीन

गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाबद्दल आपण जे सांगतो, त्यातले बहुतेक सारे एकाच शिलालेखातून आलेले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या विहाराच्या ओसरीत, मागच्या भिंतीवर तो कोरलेला आहे. मात्र तो राजाने कोरवलेला नाही. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षी राजमाता गौतमी बलश्री हिने हे लेणे भद्रायणीय पंथाच्या भिक्षूंना दिले, त्या वेळचा हा दानलेख. राज्य नातवाचे, दान आजीचे, आणि लेखाचा मोठा भाग मुलाच्या गुणगौरवाचा. म्हणजे दक्षिणापथाच्या या मोठ्या विजेत्याचे चरित्र आपल्याला त्याच्या म्हाताऱ्या आईने सांगितलेले आहे.

या एका गोष्टीचा जितका विचार व्हायला हवा तितका होत नाही, असे मला नेहमी वाटते. पाठ्यपुस्तकातल्या नकाशात सातवाहन साम्राज्याचा जो रंगवलेला पट्टा दिसतो, त्याच्या सीमा मुख्यत्वे या लेखातल्या नामावळीवरून आखलेल्या असतात. नामावळी देशांची आहे आणि पर्वतांची आहे. असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ आणि आकरावंती हे नऊ देश. मग विंध्य, पारियात्र, सह्य, कृष्णगिरी, मलय, महेंद्र आदी पर्वत. याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. याने शक, यवन, पल्हवांचा नाश केला. खखरात म्हणजे क्षहरात वंश निःशेष केला. सातवाहन कुळाचे गेलेले यश परत मिळवले. अशी विशेषणांची माळ लांबत जाते.

प्रशस्ती खोटी असते असे म्हणण्याचा हेतू नाही. उलट या लेखातले एक महत्त्वाचे विधान पुराव्याने सिद्ध होते, आणि तो पुरावाही नाशिकजवळच सापडला. पण प्रशस्तीत जिंकणे म्हणजे काय आणि जमिनीवर जिंकणे म्हणजे काय, यांत अंतर असते. ते अंतर मोजण्याची साधने प्राचीन भारतातल्या फार थोड्या राजांच्या बाबतीत आपल्या हाती आहेत. गौतमीपुत्र त्या थोड्यांपैकी एक.

आधी शत्रू कोण होता ते पाहू. क्षहरात कुळातला क्षत्रप नहपान आणि त्याचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त. दीनीकाचा हा मुलगा स्वतःला शक म्हणवतो. नहपानाची मुलगी दक्षमित्रा ही त्याची बायको. नाशिकच्या १०व्या क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला आपण नहपान विहार म्हणतो तिथे, या उषवदाताचे लेख आहेत, आणि ते वाचताना समोर कोणी परका लुटारू उभा राहत नाही. तीन लाख गाई दान देणारा, प्रभासला ब्राह्मणांची लग्ने लावून देणारा, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा बांधणारा, दमण, तापी, डहाणू इत्यादी नद्यांवर फुकट होड्या ठेवणारा असा हा माणूस आहे. बौद्ध भिक्षूंच्या वस्त्रांसाठी त्याने गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे रक्कम ठेवली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आजची संस्था कायम ठेव म्हणून जे करते, तेच हे.

याच लेखांत त्याच्या एका स्वारीचीही हकिगत आहे. मालवांनी वेढलेल्या उत्तमभद्रांच्या प्रमुखाला सोडवायला तो ऐन पावसाळ्यात सासऱ्याच्या आज्ञेने गेला आणि त्याच्या नुसत्या गर्जनेने मालव पळाले. तिथून तो पुष्करला गेला, स्नान केले, ३,००० गाई आणि एक गाव दिले. थोडक्यात, हे शक नाशिकमध्ये उपरे असले तरी इथल्या धर्मव्यवहारात आणि अर्थव्यवहारात पुरते मुरलेले होते.

आता नहपानाच्या काळचे लेख महाराष्ट्रात कुठे आहेत ते बघा. नाशिक, जुन्नर आणि कार्ले. या तिन्ही ठिकाणांवरून कोकणात उतरणारे घाट आठवा: नाशिकहून थळघाट, जुन्नरहून नाणेघाट, कार्ल्याहून बोरघाट. लेखांच्या या तीन जागा म्हणजे देशावरून बंदरांकडे जाणाऱ्या वाटांची तीन तोंडे आहेत. पेरिप्लस या ग्रीक भाषेतल्या नाविक मार्गदर्शिकेत कल्याण बंदराची तक्रार येते. पूर्वी ते नियमित व्यापाराचे बंदर होते. पण नंतर तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुचला नेली जाऊ लागली. पैठण आणि तेरचा माल गाड्यांनी भरुचलाच जात होता असेही तीच पुस्तिका सांगते. भरुचच्या मुलखाचा राजा म्हणून तिच्यात जो येतो, तो नहपानच असे बहुतेक अभ्यासक मानतात. शक-सातवाहन संघर्षाला आपण वंशाचे आणि धर्माचे रंग देतो. मला तो आधी जकातीचा वाटतो. पैठणच्या राजाचा माल ज्या घाटांतून उतरायचा ते घाट दुसऱ्याच्या ताब्यात होते.

गौतमीपुत्राने ते परत घेतले. कसे, ते कुठेच सांगितलेले नाही. लढाईचे वर्णन नाही, रणांगणाचे नाव नाही. मात्र निकालाची पावती सापडली आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे, जिथे दारणा गोदावरीला मिळते तिथे, चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा निघाला. सव्वातेरा हजारांच्या आसपास नाणी, सगळी मूळची नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठी लिपींत नाव. यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला आहे: एका बाजूला कमानींचा चैत्य-पर्वत आणि आपले नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह म्हणून ओळखले जाणारे चार गोलांचे चिन्ह.

रेव्हरंड स्कॉट यांनी हा साठा अभ्यासून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. नाण्यांवरचा नहपान तरुणही दिसतो, म्हाताराही दिसतो, नाकाडोळ्यांतही फरक पडतो, याचे त्यांनाही कोडे पडले होते. पण माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. जेत्याने नाणी वितळवली नाहीत. वितळवून नवी पाडणे अशक्य नव्हते, पण ते खर्चाचे आणि वेळेचे काम होते. शिवाय बाजाराला त्या वजनाच्या, त्या कसाच्या चांदीची सवय झालेली होती. दोन-सव्वादोन ग्रॅमचे ते नाणे तसेच ठेवून त्यावर आपला शिक्का हाणला की भागत होते. घाईत मारलेल्या शिक्क्याखालून पुष्कळ नाण्यांवर नहपानाचे नाक, ओठ, ग्रीक अक्षरांचे तुकडे अजून दिसतात. खखरात वंश निःशेष केला हे विधान आणि हे अर्धवट पुसलेले चेहरे, दोन्ही एकाच विजयाचे पुरावे आहेत. आणि साठ्यातल्या सुमारे तीन-चार हजार नाण्यांना तर शिक्का लागलेलाच नाही. ती तशीच, जुन्या राजाच्या नावाने, नव्या नाण्यांबरोबर एकाच साठ्यात राहिली.

यानंतरचा कागद, खरे तर दगड, मला या साऱ्या सामग्रीत सर्वांत मोलाचा वाटतो. तिसऱ्या लेण्यातच गौतमीपुत्राच्या १८व्या राज्यवर्षातली एक आज्ञा कोरलेली आहे. ती विजयी सेनेच्या छावणीतून निघाली आहे. तिच्यातला 'वेजयंती' हा शब्द गावाचे नाव मानायचा की सेनेचे विशेषण, यावर मतभेद आहेत. पण छावणी विजयाची आहे यावर नाहीत. आज्ञा आहे गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला. पश्चिम काखडी गावातले, उषवदाताच्या भोगवट्यात असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावे. त्या शेताला सवलती कोणत्या? राजाच्या माणसांनी आत शिरू नये, कोणी हात लावू नये, मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये. तोंडी हुकूम अमात्य शिवगुप्ताने दिला, महास्वामींनी पाहिला, पावसाळ्याच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या पहिल्या दिवशी दान दिले गेले.

सैन्य अजून छावणीत आहे आणि राजा शेताच्या नोंदीत गुंतलेला आहे. या शेताच्या वर्णनात 'अजकालकिय' असा एक शब्द येतो. काहींनी ते शेताचे नाव मानले, तर काहींनी 'आजवर', म्हणजे आजवर उषवदाताकडे असलेले, असा अर्थ लावला. दुसरा अर्थ धरला तर आपल्या 'आजकाल'चाच हा पणजोबा, आणि विजय किती ताजा आहे हे त्या एका शब्दात येते. तो अर्थ धरला नाही तरी मुख्य गोष्ट बदलत नाही. क्षत्रपाच्या जावयाची जमीन, क्षत्रपाच्या जावयानेच ज्यांना पोसले त्या भिक्षूंना, आता नवा राजा देत आहे. भिक्षूंच्या दृष्टीने दाता बदलला. भिक्षूंना आपल्या बाजूला घेणे म्हणजे नुसते पुण्य नव्हे. व्यापारी, श्रेणी, तांडे या सगळ्यांचा राबता लेण्यांत होता. तिथे आपले नाव दगडात कोरले गेले की वाटेने जाणाऱ्याला सत्ता कोणाची हे कळत असे.

कार्ल्यालाही हेच दिसते. तिथे वलुरक लेण्यांतल्या भिक्षूंना करजिक गाव उषवदाताने दिल्याचा लेख आहे. त्याच चैत्यगृहात मामाळ, म्हणजे आपल्या मावळच्या, अमात्याला दिलेली आणखी एक राजाज्ञा आहे. तिच्यात तेच करजक गाव त्याच भिक्षूंना दिले आहे. दुसऱ्या लेखातले राजाचे नाव झिजून गेले आहे, पण सन १८ आणि भाषेची धाटणी पाहता तो गौतमीपुत्रच, असे सामान्यतः मानतात. एकच गाव, एकच संघ, दोनदा दान.

इथवर सारे सुरळीत. पण सहा वर्षांनी, २४व्या राज्यवर्षी, नाशिकच्या त्याच भिंतीवर दुसरी आज्ञा आली. ही राजाची आणि राजमातेची संयुक्त आहे. तिथे तिचा उल्लेख 'जिचा पुत्र जिवंत आहे अशी' असा आहे. अमात्य आता श्यामक आहे, विष्णुपालित नाही. आज्ञेचा मजकूर असा की आम्ही त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना पूर्वी काखडी गावातले शेत दिले होते. ते शेत कसले जात नाही, आणि ते गावही वसलेले नाही. तेव्हा नगराच्या सीमेवर आमच्या खाजगीतले जे गाव आहे, त्यातले १०० निवर्तने शेत त्यांना द्यावे.

काखडीत माणूस उरला नव्हता. का, ते लेखात नाही. युद्धाने गाव उठले असेल, दुष्काळाने उठले असेल, उषवदाताची माणसे गेली तशी त्याची कुळेही गेली असतील. मी युद्धाच्या बाजूला झुकतो, कारण शेत शत्रूचे होते आणि मुलूख नुकताच पायदळी गेलेला होता. पण तो माझा कौल आहे, लेखाचे विधान नव्हे. विधान एवढेच की छावणीतून दिलेल्या २०० निवर्तनांवर सहा वर्षांत पीक निघाले नाही आणि शेवटी राजाला त्याच्या निम्मी जमीन स्वतःच्या खात्यातून काढून द्यावी लागली. नऊ देशांच्या नामावळीत हे बसत नाही. पण हे दान देणाऱ्यांत नामावळी कोरवणारी बलश्री स्वतः होती. काखडी ओस आहे हे तिला ठाऊक होते.

आणि गोष्ट तिथेही संपत नाही. पुळुमावीच्या काळात या लेण्याच्या खर्चासाठी सुदसण गाव दिले, आणि थोड्याच वर्षांत ते बदलून त्याऐवजी सामलिपद गाव द्यावे लागले. हा लेखही तिथेच आहे. दिलेले दान प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत गावे बदलत राहतात. महसूल खात्याशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता पुन्हा नऊ देशांकडे येऊ. जुनागढच्या खडकावर महाक्षत्रप रुद्रदामनाचा संस्कृत लेख आहे, शक ७२ चा, म्हणजे इ. स. १५०. त्यात त्याच्या अधिकाराखालच्या देशांची यादी आहे: आकर-अवंती, अनूप, आनर्त, सुराष्ट्र, श्वभ्र, मरू, कच्छ, सिंधू-सौवीर, कुकुर, अपरांत, निषाद. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. बलश्रीच्या नऊ नावांपैकी पाच, म्हणजे सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप आणि आकरावंती, इथे जशीच्या तशी आहेत. शिवाय रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथपती सातकर्णीला आपण दोनदा उघड युद्धात हरवले, पण नाते जवळचे असल्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. हा सातकर्णी नेमका कोणता यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे.

कालगणनेचा प्रश्न इथे टाळता येत नाही. नहपानाच्या लेखांतली ४१ ते ४६ ही वर्षे शक संवताची मानली तर त्याचा शेवट इ. स. १२४च्या सुमारास येतो, गौतमीपुत्राचे १८वे वर्ष १२५च्या आसपास, २४वे १३०च्या. मग पुळुमावीचे १९वे वर्ष १५०च्या अगदी जवळ पडते. म्हणजे पाच देश आपले असल्याचे रुद्रदामन जुनागढला कोरवत होता, त्याच सुमारास तेच पाच देश आपल्या मुलाचे असल्याचे बलश्री नाशिकला कोरवत होती. दुसरा पक्ष ती वर्षे नहपानाची स्वतःची राज्यवर्षे मानतो आणि सगळाच काळ मागे, पहिल्या शतकात नेतो. तसे असले तर दोन लेखांत काही दशकांचे अंतर पडते. मला दुसऱ्या पक्षाचे नाण्यांवर आधारलेले युक्तिवाद वजनदार वाटतात. पण कोणताही पक्ष घ्या, एक उरतेच: बलश्री भूतकाळ सांगत होती. तिची यादी मुलाच्या हयातीतली आहे, नातवाच्या राज्याची नाही. लेखात पुळुमावीला ती दक्षिणापथेश्वर म्हणते. सुरठ आणि आकरावंती त्याच्या नावापुढे लावत नाही. हा फरक तिने जाणून केला असावा. पाठ्यपुस्तकातला नकाशा मात्र तो करत नाही.

शक समूळ नष्ट झाले, या समजुतीबद्दलही दोन शब्द. नहपानाचे कुळ, क्षहरात, खरोखरच इतिहासातून जाते. पण शक जात नाहीत. कार्दमक कुळाचा चष्टन आणि त्याचा नातू रुद्रदामन उज्जैनीत उभे राहतात. कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक राजांच्या वंशातली आणि महाक्षत्रप रु... याची कन्या असल्याचे म्हटले आहे. नावाचे पुढचे अक्षर गेले आहे, पण तो रुद्रदामनच हे उघड आहे. जुनागढचे 'जवळचे नाते' ते हेच असावे. सातवाहनांनी पुढे चांदीची नाणी पाडली तीही शक पद्धतीची, राजाचा चेहरा असलेली. पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी यांची अशी नाणी मिळतात.

आणि शक हे नाव तर आपल्या घराघरात आहे. सातवाहनांनी स्वतः कोणताच संवत वापरला नाही; त्यांचे लेख सन १८, सन २४ असे राज्यवर्षांनी चालतात. इ. स. ७८ पासूनचा संवत शतकानुशतके वापरला तो क्षत्रपांनी. त्याला शालिवाहनाचे नाव चिकटले ते हजारएक वर्षांनी. पैठणच्या कुंभारवाड्यातल्या मुलाने मातीचे घोडेस्वार करून त्यांत प्राण फुंकले आणि शत्रूला हरवले, ही पाडव्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो, आणि त्याच दिवशी पंचांगावर 'शालिवाहन शक' असे, जिंकणारा आणि हरणारा एका समासात बसवलेले नाव वाचतो. मला ही जोडी आवडते. पांडवलेण्यांत जे दिसते त्याच्या ती जवळ आहे.

तिथे दहाव्या आणि तिसऱ्या लेण्याची धाटणी शेजारी-शेजारी पाहावी. बलश्रीचा विहार नहपान विहाराच्याच नमुन्यावर बेतलेला आहे. फक्त खोल्या १६च्या जागी १८ आहेत आणि ओसरीखाली तिला डोक्यावर पेलणारे सहा गण अर्धे जमिनीत गेलेले दिसतात. मग दहाव्या लेण्याच्या अंगणात यावे. तिथे एक उशिराचा लेख आहे, तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या ९व्या वर्षातला. तोवर सातवाहन सत्ता नाशिकमधून गेलेली होती. दान देणारी बाई विष्णुदत्ता. अग्निवर्म्याची ही मुलगी स्वतःला शकनिका, म्हणजे शक स्त्री, म्हणवते. त्रिरश्मीवरच्या विहारात राहणाऱ्या आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी तिने गोवर्धनातल्या श्रेणींकडे कायम ठेवी ठेवल्या: कुंभारांकडे १,००० कार्षापण, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे २,०००, आणि काही रक्कम तेल्यांकडे.